कासिद उठून गेल्यावर

उर्दू गझल कानावर पडत ज्यांचे बालपण गेले, त्यांना कासिद माहीत असतो. आशिकाचे पत्र घेऊन जाणारा, उत्तर आणायला उशीर करणारा, कधी कधी त्याच गल्लीत रेंगाळणारा. आमच्या घरांतून लग्नाचा पैगाम घेऊन जाणारी जी कोणी खाला किंवा फुफी असे, तीही एका अर्थाने कासिदच. आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून जाई आणि नकार आला तरी तो आधी दुसऱ्याच्याच कानावर पडे. त्यामुळे कुणावर तोंड लपवण्याची पाळी येत नसे.

पण हा कासिद एके दिवशी उठून गेला तर? मनातले वाक्य ज्याचे त्यालाच बोलावे लागले तर? आणि बोलणाऱ्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे असले तर?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो जपानी चित्रपटांनी. घरातली मुले मोबाईलवर ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रे, पाहत असतात. तसे पाहिले तर ॲनिमे आम्हालाही परके नव्हते. 1993 साली दूरदर्शनवर मोगलीची ‘जंगल बुक’ मालिका हिंदीतून लागे आणि गुलजार यांचे शीर्षकगीत मुलांच्या तोंडी असे. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती हे मात्र तेव्हा कितीजणांना ठाऊक होते? तरीही ॲनिमे म्हणजे मारामारी, राक्षस आणि यंत्रमानव असाच आमचा समज होता. एकदा सहज मुलांच्या खांद्यावरून डोकावलो. पडद्यावर शाळेच्या गणवेशातला एक मुलगा आणि एक मुलगी समोरासमोर उभी होती. बराच वेळ दोघेही काही बोलत नव्हते. मुलगी स्कर्टची कड चाचपत होती. मुलगा तिच्या बुटांकडे पाहत होता. आम्ही तिथेच थांबलो. त्या न बोलण्यामागे काही इतिहास असला पाहिजे असे वाटले. त्याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

या इतिहासाची सुरुवात चित्रपटांच्या किती तरी आधी, 1895 साली होते. त्या वर्षी हिगुची इचियो या तरुण लेखिकेची ‘ताकेकुराबे’ ही कथा एका मासिकातून क्रमशः येऊ लागली. वडील वारल्यावर घराचा भार इचियोवर पडला होता. तोक्योच्या योशिवारा या वेश्यावस्तीलगत तिने काही महिने किरकोळ वस्तूंचे आणि मुलांच्या खाऊचे दुकान चालवले. त्या गल्लीतली मुले तिने दुकानात बसून पाहिली, आणि तीच कथेत आली. मिदोरी ही वस्तीतल्या एका नामांकित गणिकेची धाकटी बहीण. शिन्न्यो हा देवळातल्या भिक्षूचा मुलगा. दोघेही चौदा-पंधराच्या आसपासचे. पावसात मिदोरीच्या फाटकापुढे शिन्न्योच्या खडावेचा बंद तुटतो. कोणाची तरी अडचण झालेली पाहून ती कापडाची लाल चिंधी घेऊन धावत येते, आणि तो कोण हे कळताच तिची वाचा बसते. शेवटी ती चिंधी फाटकाच्या गजांतून बाहेर टाकते. तोही ती उचलत नाही. पुढे एका गारठ्याच्या सकाळी कोणी तरी तिच्या फाटकात कागदी नर्गिसचे फूल अडकवून जाते. शिन्न्यो धर्मशिक्षणासाठी गाव सोडून गेल्याचे तिच्या कानावर येते. कथा तिथेच संपते.

इचियो 1896 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. 2004 ते 2024 या काळात जारी होत राहिलेल्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र होते. तिच्या मिदोरीला आणि शिन्न्योला बोलायची मुभाच नव्हती. एकीची वाट वस्तीकडे ठरलेली, दुसऱ्याची मठाकडे. त्यांच्यात कासिद होता तो चिंधीचा आणि फुलाचा, तोही मुका.

त्या काळच्या जपानमध्ये सात वर्षांनंतर मुलगा आणि मुलगी एका जागी बसू नयेत हे जुने कन्फ्यूशियन वचन मानले जाई. प्राथमिक शाळेनंतर वाटा वेगळ्या होत. मुलगे माध्यमिक शाळेत जात आणि मुली मुलींच्या शाळेत. लग्न ठरे ते ‘नाकोदो’च्या, म्हणजे मध्यस्थाच्या पुढाकाराने. 1898 च्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाला घरप्रमुखाची संमती लागे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना यात नवीन असे काहीच दिसणार नाही.

बदल आला तो युद्धातल्या पराभवानंतर. मे 1947 मध्ये नवे संविधान अंमलात आले. त्याच्या चोविसाव्या कलमाने विवाह केवळ दोघांच्या परस्पर संमतीवर आधारला. त्याच वर्षी शिक्षणाचा मूलभूत कायदा झाला आणि त्याने सहशिक्षणाला मान्यता दिली. बारा ते पंधरा या वयासाठी तीन वर्षांची माध्यमिक शाळा सक्तीची झाली. ज्या वयात पूर्वी वाटा वेगळ्या होत, नेमक्या त्याच वयात मुलगा आणि मुलगी शेजारशेजारच्या बाकांवर आली. जपानी ॲनिमेतल्या प्रेमकथा वारंवार शाळेतच का घडतात, याचे उत्तर पुष्कळसे इथे सापडते.

मध्यस्थ मात्र लगेच गेला नाही. कायदा एका दिवसात बदलतो, घरातली पद्धत बदलायला पिढी जावी लागते. ठरवून केलेल्या लग्नांपेक्षा प्रेमविवाहांची संख्या जास्त झाली ती 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात. नाकोदो हळूहळू उठून गेला आणि त्याचे काम तरुणांच्या अंगावर आले. त्यातून एक रिवाज रुजला. जपानीत त्याला ‘कोकुहाकु’ म्हणतात. आपण त्याला इजहार म्हणू. मुलाने किंवा मुलीने समोर उभे राहून “तू मला आवडतोस, आवडतेस” असे स्पष्ट सांगायचे. हे वाक्य उच्चारल्याशिवाय नाते सुरू झाले असे धरत नाहीत. ज्या समाजात मोठी माणसेसुद्धा थेट बोलणे टाळतात, तिथे सर्वात थेट वाक्य सर्वात कोवळ्या जिभेवर येऊन बसले. लाजाळू प्रेमाच्या या साऱ्या चित्रपटांत मूळ गोष्ट हीच आहे. आमच्या मते हे चित्रपट म्हणजे त्या एका वाक्याचा इतिहास आहे.

तो चितारायला ॲनिमेच का साधले, याचाही विचार केला पाहिजे. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, आणि पैसा व माणसे तुटपुंजी. म्हणून कमीत कमी चित्रांत भागवायचे ठरले. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ किंवा पापण्या हलवायच्या, कधी नुसते आकाश दाखवायचे. ही काटकसर होती. पण ज्याला बोलता येत नाही अशा मुलाचे चित्र काढायचे झाले, तेव्हा हीच स्तब्धता कामी आली. दुसरी शिदोरी आली ती मुलींसाठीच्या चित्रकथांतून. 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा यांच्यासारख्या लेखिकांनी पात्राच्या मनातले शब्द संवादाच्या फुग्याबाहेर, मोकळ्या जागेत लिहायची रीत रुजवली. ओठ मिटलेले आणि मन बोलत आहे, हे कागदावर दाखवता येऊ लागले.

या दोन्ही गोष्टींचे चीज केले ते 1991 साली इसाओ ताकाहाता यांनी ‘ओमोइदे पोरोपोरो’ या चित्रपटात. सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टीत खेड्याकडे जाते, आणि वाटेत तिला 1966 मधली, पाचवीतली ताएको आठवत राहते. आजचा काळ पूर्ण रंगांत, हसताना गालावर पडणाऱ्या रेघांसकट काढला आहे. आठवणी मात्र फिकट रंगांत आहेत आणि चित्राच्या कडा पांढऱ्या होत विरून जातात. शेजारच्या वर्गातल्या हिरोता नावाच्या मुलाला ती आवडते, अशी शाळेत बोलवा होते. एका संध्याकाळी गल्लीत दोघे समोरासमोर येतात. तो कसाबसा विचारतो, पावसाचा दिवस, ढगाळ दिवस आणि उन्हाचा दिवस, यांतला तुला कोणता आवडतो? ती म्हणते, ढगाळ. तो म्हणतो, मलाही. एवढेच बोलणे, आणि मुलगा चेंडू उडवत निघून जातो. ताएको पळत सुटते ती पायऱ्या चढावी तशी हवेत चढते आणि आकाशात पोहते. प्रेम हा शब्दसुद्धा आलेला नाही. कासिद इथे ढग झाला.

चार वर्षांनी, 1995 मध्ये, ‘मिमी ओ सुमासेबा’ आला. आओई हिइरागी यांच्या 1989 च्या चित्रकथेवरून हायाओ मियाझाकी यांनी पटकथा लिहिली आणि योशिफुमी कोंदो यांनी दिग्दर्शन केले. तोक्योच्या पश्चिमेकडील टेकड्यांवरची वसाहत, लहानसे घर, पुस्तकांचे ढीग. शिझुकू ही माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातली, वाचनाचे वेड असलेली मुलगी. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी एकच नाव आहे, हे एके दिवशी तिच्या लक्षात येते: सेइजी आमासावा. पुढे तो सांगतो, तुझ्या आधी माझे नाव कार्डावर यावे म्हणून मी पुस्तके वाचत सुटलो होतो. कोणाला पत्र न लिहिता पत्र पाठवण्याची याहून अदबशीर तऱ्हा आम्हाला माहीत नाही. शिझुकूचे वडील त्याच ग्रंथालयात कामाला आहेत. आता कार्डांच्या जागी बारकोड येणार, असे ते सुरुवातीलाच सांगतात आणि मुलगी हळहळते. आणखी एक कासिद निवृत्त होण्याच्या बेतात आहे.

या चित्रपटात आमच्यासारख्या पालकांसाठी एक प्रसंग आहे. सेइजीला व्हायोलिन घडवायला शिकण्यासाठी इटलीतल्या क्रेमोनाला जायचे असते. आपण त्याच्या तोडीचे नाही असे वाटून शिझुकू अभ्यास बाजूला ठेवते आणि कादंबरी लिहायला बसते. गुण घसरतात, मोठी बहीण रागावते. वडील मात्र मुलीला समोर बसवून विचारतात, नीट ऐकून घेतात आणि परवानगी देतात. पण चारचौघांपेक्षा वेगळी वाट धरली की काही बिघडल्यास दोष दुसऱ्याला देता येत नाही, हेही बजावतात. मुलीच्या मनात कोणी आहे हे त्यांना ठाऊक नाही. तिच्या आयुष्यात काही गंभीर चालले आहे एवढे मात्र त्यांनी ओळखले आहे. दिग्दर्शक कोंदो 1998 साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले. पूर्ण लांबीचा त्यांचा हा एकच चित्रपट.

सगळेच निरोप पोचत नाहीत. माकोतो शिंकाई यांच्या 2007 च्या ‘ब्योसोकू गो सेंचिमीटर’मध्ये पहिला भाग 1995 च्या मार्च महिन्यातला आहे. तेरा वर्षांचा ताकाकी लांब राहायला गेलेल्या अकारीला भेटायला तोक्योहून इवाफुने या आडगावच्या स्टेशनाकडे निघतो. हिमवर्षावाने गाड्या तासन् तास अडकून पडतात. मोबाईल नाही, उशीर होतोय हे कळवायची सोय नाही. तिच्यासाठी लिहिलेले पत्र वाटेत फलाटावर वाऱ्याने उडून जाते. रात्री उशिरा तो पोचतो, तेव्हा ती प्रतीक्षागृहात शेगडीपाशी डबा घेऊन बसलेली असते. तिनेही पत्र लिहिलेले असते, आणि तेही तिच्याकडेच राहते. पुढची वर्षे दोघांना दूर नेतात. प्रेक्षकाला वाटत राहते, ते पत्र पोचले असते तर? चित्रपट उत्तर देत नाही. वास्तवात पहिल्या प्रेमाचा शेवट बहुधा असाच होतो, आणि ते कबूल करण्यात या चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे.

यानंतर नाओको यामादा या दिग्दर्शिकेने क्योतो ॲनिमेशन या संस्थेत केलेले दोन चित्रपट पाहावेत. 2014 च्या ‘तामाको लव्ह स्टोरी’त बाजारातल्या गल्लीत समोरासमोर मोचीची, म्हणजे तांदळाच्या मऊ मिठाईची, दोन दुकाने आहेत. एकात तामाको राहते, दुसऱ्यात मोचिझो. लहानपणापासून दोघे खिडकीतून कागदी पेल्यांच्या दोरीच्या टेलिफोनवर बोलत आलेली. शिक्षणासाठी तोक्योला जायचे ठरल्यावर मोचिझो कामो नदीच्या पात्रातल्या दगडांवर उभा राहून मनातले सांगून टाकतो. तामाको धूम ठोकते. पुढे तिला मिठाईचे काम सुचत नाही, रोजची गल्ली अनोळखी वाटते. इजहार करणारा धाडसी म्हणून त्याच्याकडेच सगळ्यांचे लक्ष जाते. ज्याला ऐकावे लागते त्याचे काय होते, याची गोष्ट इथे आहे. तिचे उत्तर शेवटी त्याच दोरीच्या टेलिफोनवरून जाते.

2016 च्या ‘कोए नो काताची’त प्रश्न अधिक बिकट आहे. शोको निशिमिया ही कर्णबधिर मुलगी. प्राथमिक शाळेत जो मुलगा तिचा छळ करत होता, तो शोया पुढे पश्चात्ताप होऊन खुणांची भाषा शिकतो आणि तिला शोधत येतो. एके दिवशी ती खुणा बाजूला ठेवून स्वतःच्या आवाजात सांगायचे ठरवते. जपानीत ‘सुकी’ म्हणजे ‘आवडतोस’ आणि ‘त्सुकी’ म्हणजे चंद्र. तिचा अस्पष्ट उच्चार ऐकून तो आकाशाकडे पाहतो आणि म्हणतो, हो, चंद्र ना? ती तोंड लपवून पळून जाते. हसू येते आणि घशात आवंढाही. सगळे धैर्य एकवटून काढलेला शब्द समोरच्याच्या कानापर्यंत येऊन चुकला.

या चंद्राचाही एक किस्सा आहे. नात्सुमे सोसेकी हे जपानचे थोर कादंबरीकार काही काळ इंग्रजीचे शिक्षक होते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ या इंग्रजी वाक्याचे विद्यार्थ्याने शब्दशः भाषांतर केले, तेव्हा ते म्हणाले की जपानी माणूस असे बोलत नाही, त्याऐवजी ‘चंद्र सुंदर दिसतो आहे’ असे लिही. सोसेकींच्या लेखनात याला आधार सापडत नाही, तेव्हा ही दंतकथाच समजायची. पण समाज स्वतःबद्दल ज्या दंतकथा सांगतो त्यांतून त्याचा स्वभाव कळतो.

याच वाक्यावरून 2017 च्या एका मालिकेचे नाव पडले: ‘त्सुकी गा किरेई’. सेइजी किशी यांनी दिग्दर्शित केलेले हे बारा भाग कावागोए या जुन्या वखारींच्या आणि घंटामनोऱ्याच्या गावात घडतात. कोतारो हा ओसामू दाझाई या लेखकाचा भक्त, स्वतः लिहू पाहणारा. आकाने धावपटू, आणि बावरली की लहानसे कापडी खेळणे मुठीत दाबत बसणारी. दोघे एका वर्गात, पण ओळख नाही. एके संध्याकाळी आपापल्या कुटुंबासह एकाच उपाहारगृहात समोरासमोर येतात आणि शरमेने अर्धमेली होतात. आईवडिलांसमोर वर्गातली मुलगी भेटणे, हे संकट जगात सगळीकडे सारखेच असावे!

यांचा कासिद म्हणजे मोबाईल. 2011 साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘लाइन’ या संदेशसेवेवर ते एकमेकांना लिहितात. वाटेल, आता सगळे सोपे झाले. पण तसे होत नाही. मजकूर लिहून पुसला जातो. निरोप वाचला गेल्याची खूण दिसते आणि उत्तर येत नाही. क्योतोच्या शालेय सहलीत मोबाईल जप्त होतो आणि सारे अडून बसते. अंधारात आंघोळीच्या खोलीत किंवा पांघरुणाखाली बसून लिहिलेल्या दोन शब्दांत किती जीव असू शकतो, हे या मालिकेने दाखवले. पुढे आकानेचे कुटुंब चिबाला जायचे ठरते. तिच्याजवळ राहता यावे म्हणून कोतारो तिकडच्या शाळेची अवघड प्रवेशपरीक्षा द्यायची म्हणतो. आईचा आधी विरोध, नंतर मुलाची मेहनत पाहून ती नरमते. तो नापास होतो. शेवटच्या श्रेयनामावलीत मोबाईलवरच्या निरोपांतून पुढची वर्षे सरकत जातात आणि दोघांचा संसार दिसतो. हा शेवट वास्तवापेक्षा थोडा गोड आहे, हे खरे. पण त्याआधीची बारा भागांची घालमेल खरी असल्यामुळे तो मान्य करावासा वाटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. सगळे ॲनिमे असे नाही. मुलींच्या देहाचा बाजार मांडणारे पुष्कळ आहे, आणि लाजरी मुलगी हाही एक विकाऊ साचा झाला आहे. घरातल्या पडद्यावर काय चालले आहे याकडे लक्ष असलेच पाहिजे. पण लाज दाखवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एका ठिकाणी लाज पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी असते. दुसऱ्या ठिकाणी लाजणाऱ्याच्या बाजूने उभे राहून पाहिलेले असते. इचियोपासून यामादापर्यंत आम्ही ज्यांची नावे घेतली, ते सगळे दुसऱ्या बाजूचे.

आणि इथेच आपल्याला विचार करण्यासारखे काही आहे. हया या शब्दाचा आपण अनेकदा ‘गप्प बसणे’ असा सोपा अर्थ करतो. या मुलांची हया निराळी आहे. शब्द जड आहे, तो एकदा निघाला की परत घेता येणार नाही, समोरच्याचे मन त्याने मोडू शकते, हे कळल्यामुळे ती अडखळतात. शब्दाची किंमत कळलेल्यालाच बोलताना संकोच होतो. लाज म्हणजे भित्रेपणा असे म्हणणारे आणि प्रेमाचे नाव काढताच डोळे वटारणारे, दोघेही ही गोष्ट विसरतात.

आपल्याकडचाही कासिद आता उठू लागला आहे. खाला आणि फुफी पैगाम नेतात, पण त्याआधी मुलांच्या हातातला मोबाईल बोललेला असतो. माकोतो शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’ 2019 साली इथल्या चाहत्यांनी सह्या गोळा करून मागणी केल्यावर भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. तेव्हा ही चित्रे पाहणारी मुले आपल्या शहरांत किती तरी आहेत. ती आपल्याला काही सांगतीलच असे नाही. पण एखाद्या रात्री जेवणाच्या दस्तरखानावर मुलगा उगाच गप्प बसला, मुलीने घास हातात धरून तिसरीकडेच पाहिले, तर शिझुकूच्या वडिलांसारखे समोर बसून आधी ऐकून घ्यावे. मिदोरी आणि शिन्न्योला ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांच्यापाशी एक चिंधी आणि एक कागदी फूल एवढेच उरले.